मस्टरवर नसलेलं नाव

नाही नाही, यादी बरोबर आहे मॅडम — एकवीसच माणसं तपासायची आहेत, बाविसावं नाव मीच खोडलंय. पेनानं खोडलं म्हणून तुम्हाला खालचं वाचता येतंय, नाहीतर विचारलंही नसतंत. बसा ना, चहा येईल आता. ते मशीन इथं टेबलावर ठेवा, फायली सरकवतो मी. हेडफोनमधून बारीक आवाज येणार आणि ऐकू आला की बटण दाबायचं — माहीत आहे, दरवर्षी असतं. मागच्या वर्षीपर्यंत दुसरा एक जण यायचा, तो पत्र्याचे प्रेस धडाधड चालू असतानाच टेस्ट घ्यायचा आणि तासाभरात सगळ्यांना नॉर्मल लिहून जायचा. तुम्ही शिफ्टच्या आधीच येणार म्हणालात, टेस्ट होईपर्यंत एकही प्रेस सुरू करायचा नाही म्हणालात — बरोबरच आहे तुमचं. पण शिरवण्यात चोवीस वर्षं झाली माझ्या शॉपला, सगळी माणसं हजर आणि शॉप असं गप्प, हे मी पहिल्यांदा बघतोय. कसंतरीच होतं, खरं सांगू?

हां, ते नाव. मानसिंगचं आहे. शंभर टनाच्या प्रेसवर असतो, आमच्याच कोरेगाव तालुक्यातला — शॉप उघडलं तेव्हा नारळ त्यानंच फोडला. मी मनानं नाही खोडलं हो, त्यालाच नकोय टेस्ट. परवा आला, म्हणाला, "साहेब, माझं नाव तेवढं काढा. रिटायरला दोन वर्षं राहिलीत. रिपोर्टात काय निघालं तर प्रेसवरनं उतरवनार, पॅकिंगला खोकी चिकटवायला बसवनार, तिथल्या पोरी हसतील मला." मी म्हटलं, अरे, नवीन कायदा आलाय, चाळिशीवरच्या सगळ्यांना दरवर्षी तपासावंच लागतं. तर म्हणतो, "मग मी त्या दिवशी गावाला गेलोय असं सांगा." आणि आज बघा — तो काय, डबा घेऊन दारात उभाय. गावाला गेलेला माणूस!

ऐकू येतं ना त्याला. म्हणजे — समोरून बोललं की येतं. प्रेसशॉपमध्ये सगळ्यांचं थोडंफार तसंच, आमची हातांचीच भाषा. दोन बोटं म्हणजे चहा, मूठ म्हणजे मशीन बंद, कपाळाला आडवा हात म्हणजे मालक आला. ही शेवटची खूण मला कळते हे त्यांना अजून माहीत नाही. — इयर प्लग? आहेत की, हा बघा ड्रॉवर भरलाय. ड्रॉवरमध्येच आहेत, हो. इन्स्पेक्टर आला की वाटतो. लपवून काय करू, तुमच्या मशीनला कळणारच आहे.

मंगळवारी पत्र्याचा बंडल साखळीतून सुटला. सगळे ओरडले, मीसुद्धा इथून केबिनची काच बडवली. मानसिंग पाठमोरा, माल मोजत होता — मोजतच राहिला. बंडल वीतभर बाजूला पडला. जमीन हादरली तेव्हा वळून बघितलं त्यानं, आणि हसला. म्हणून तर झोप नाही मला.

आमचे कन्सल्टंट आहेत अभय म्हणून, कायद्याचं सगळं तेच बघतात. त्यांचं म्हणणं, बहिरेपण रिपोर्टात आलं की तो कामामुळे झालेला आजार ठरतो, मग आपल्याला कळवावं लागतं, मग सरकारी ऑफिसातून माणसं येणार, आवाज मोजणार, मशीनला खोल्या बांधा म्हणणार. नाव नसलं की प्रश्न नसतो, म्हणाले. नाव नसलं की प्रश्न नसतो — हे मी त्यांच्याकडून दुसऱ्यांदा ऐकलं.

पहिल्यांदा? — तुम्ही बसलात ना, ती माझ्या मिसेसची खुर्ची. नाही नाही, उठू नका, बसा. उज्वला. चलन, हजेरी, पगार, सगळं तीच बघायची. बावीस वर्षं त्या काचेशी बसली, पलीकडे तोच शंभर टनाचा प्रेस. मस्टर तीच लिहायची — सगळ्यांची नावं तिच्या अक्षरात, तिचं स्वतःचं नाही. घरची बाई, तिला कोण कामगार म्हणणार? टेस्टच्या दिवशी ती दारात उभी राहून एकेकाला आत सोडायची. स्वतः कधी आत आली नाही, आणि ये असं मीही म्हटलं नाही.

घरी नेरूळला टीव्ही मोठा लावायची, सोसायटीतून तक्रार यायची. कुकर लावला की त्याच्यासमोर उभी राहायची, तोंडानं पुटपुटत. मी चेष्टा करायचो — कुकर काय पळून जाणारे? ती शिट्ट्या बघून मोजत होती मॅडम. वाफ बघून. हे मला ती गेल्यावर कळलं, एकट्यानं कुकर लावायला लागलो तेव्हा. आणि मला वाटायचं, अबोला धरलाय. हाक मारली तरी ओ देत नाही. प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा मला कंटाळा यायला लागला, मग मीच बोलणं कमी केलं. शेवटची तीन-चार वर्षं तर — जाऊ दे.

गेटवर टेम्पो मागे घेत होते. ही चलन द्यायला बाहेर पडली. रिव्हर्सचं ते टींटीं वाजत होतं, मला इथं आत ऐकू येत होतं. ड्रायव्हरची चूक नव्हती, मी पोलिसांनाही तेच सांगितलं. त्यांनी विचारलं, मयत तुमच्या कामगार का? मी म्हणालो — नाही, कामगार नाही, मिसेस. अभयसाहेब रात्री भेटायला आले, माझा हात धरून म्हणाले, मस्टरवर नव्हत्या ते एक बरं झालं, नाव नसलं की प्रश्न नसतो. चांगला माणूस आहे हो. धीर द्यायलाच आला होता.

चहा घ्या, निवतोय.

आता मानसिंगच्या नावाचं खरं कारण सांगू? त्याचं घाबरणं, कायदा, ते सगळं आहेच. पण उज्वला गेल्यापासून तो दुपारी एकला डबा घेऊन या केबिनमध्ये येतो. बाकीच्यांबरोबर जेवत नाही. आम्ही काय बोलणार — पाऊसपाणी, गावची भांडणं. पण मी बोलतो तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघतो. घास तसाच हातात धरून बघतो. दिवसभरात माझ्या तोंडाकडे बघणारं तेवढंच एक माणूस आहे मला. ऐकू येत नाही म्हणून बघतो, हे कळतं मला. कळतं, तरी — त्याला पॅकिंगला बसवला, की त्यांची जेवणाची सुट्टी बाराला होते.

द्या ती यादी इकडे. पेन आहे माझ्याकडे.

हे घ्या. बावीस. खाली सहीपण केलीय. जे येईल ते लिहा, कळवायचं ते मी कळवेन. आणि पहिला त्यालाच घ्या, नाहीतर खरंच गावाला जाईल. मी नाही येत, तुम्हीच जा — माझं तोंड बघितलं तर त्याला सगळं कळेल. आणि हे बघा बाळ, शॉप शांत आहे म्हणून हाक मारू नका. आणि मागून नका जाऊ. समोरून जा, दिसाल अशा.

जा.