गावापुरती मोकळीक

(सायकल शर्यतीच्या घोळक्यामागून चाललेली एका फ्रेंच संघाची मोटार. संघाचा प्रमुख गिल्दास चालवतो आहे. मागच्या सीटवर मेकॅनिक फर्नां, मांडीवर सुटं चाक घेऊन. स्पर्धक मालो पुढे आहे; त्याचा आवाज वायरलेसवरून येतो.)

फर्नां: आधी ते स्टिअरिंग बडवणं थांबव. त्यानं तुझं काय घोडं मारलंय?

गिल्दास: मालो किती पुढे आहे?

फर्नां: आत्ताच सांगितलं. दीड मिनिट.

गिल्दास: आत्ताच म्हणजे केव्हा?

फर्नां: तू हा साखरेचा खडा तोंडात टाकायच्या आधी. चौथा खडा आहे हा तुझा. अरे, पोरगा स्वतःच्या गावात घरच्यांना भेटायला पुढे गेलाय. घोळक्यानं राजीखुशीनं सोडलाय. आईबापाला मिठी मारेल, घोटभर सफरचंदाची सायडर घेईल, सगळे पोचले की परत त्यांच्यात मिसळेल. दरवर्षी कोणी ना कोणी जातो. तू कशाला कासावीस होतोस?

गिल्दास: घोळका थांबलाय.

फर्नां: थांबणारच. एकाला लागली की सगळ्यांना लागते. बघ, शंभर माणसं कुंपणाकडे तोंड करून उभी आहेत.

गिल्दास: तेच म्हणतोय. हे परत सायकलवर चढेपर्यंत अंतर तीन मिनिटांचं होईल. गावानंतर रस्ता वळतो, वारा पाठीवर येतो. पुढे फक्त एकतीस किलोमीटर. तो थांबलाच नाही तर...

फर्नां: गिल्दास.

गिल्दास: अकरा वर्षं संघातल्या दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या पोचवतोय तो. एकदाही जिंकला नाही. ऑक्टोबरात सायकल खुंटीला टांगणार.

फर्नां: मोकळीक गावापुरती असते. ती घेऊन पळणाऱ्याचं काय होतं, हे मी तुला सांगायचं?

गिल्दास: मी माझ्या गावातून तसाच पळालो, आणि जिंकलो.

फर्नां: जिंकलास. आणि पुढची दोन वर्षं वाऱ्यात एकटा झिजलास. कोणी तुला आपल्या पाठीमागे आडोशाला घेतलं नाही. चाकं मीच बदलत होतो ना तुझी.

गिल्दास: त्या एका विजयामुळे आज ही मोटार चालवतोय.

फर्नां: आणि तुझे वडील? सकाळपासून रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसलेले. तू दिसल्यावर पेला घेऊन उभे राहिले, आणि तू मान खाली घालून निघून गेलास. मरेपर्यंत गावाला सांगत होते, पोरानं जाताना हात केला म्हणून.

गिल्दास: केला असेल.

फर्नां: मी मागच्याच मोटारीत होतो. नव्हता केलास.

मालो: गिल्दास, ऐकू येतंय का? गावाची पाटी आली. मागे चिटपाखरू नाही.

गिल्दास: बोल.

मालो: पाय आज फार चांगले आहेत हो. असे कधीच नव्हते. थांबू का जाऊ? तुम्ही सांगाल तसं करतो.

फर्नां: आता खडा चघळत बसू नकोस. त्याला उत्तर दे.

गिल्दास: मालो, कोण कोण आलंय?

मालो: सगळेच. आईच्या हातात ताट आहे. बाबा काठी टाकून उभे आहेत, वेडे. लवकर सांगा ना.

गिल्दास: ब्रेक लाव.

मालो: नक्की? असे पाय पुन्हा...

गिल्दास: पुन्हा नाही मिळायचे. माहीत आहे मला. हवं तर जन्मभर शिव्या दे, पण ब्रेक लाव.

फर्नां: काय झालं? गेला का थांबला?

गिल्दास: गप्प बस, ऐकू दे.

फर्नां: घोळका निघाला. गिअर टाक.

मालो: थांबलो. आई रडतेय आणि रडता रडता तोंडात धिरडं कोंबतेय, बोलता येत नाहीये. बाबा म्हणतायत, तुमची मोटार जाईपर्यंत ते इथून हलणार नाहीत.

गिल्दास: कुठल्या बाजूला उभे आहेत?

मालो: डावीकडे, पाववाल्याच्या दुकानासमोर. का?

गिल्दास: काही नाही. हात करायचाय.