बाजरीचा नंबर

नाही नाही, तुमचा डबा माझ्या पुढे ठेवा. आग्रह नाही हो, नियम आहे — तुमचे गहू, माझी बाजरी. बाजरीवर गहू टाकले तर तुमच्या पोळ्या काळपट होतील आणि बोलणी या गिरणीवाल्या दत्तोबांना बसतील. बाजरीवाल्यानं शेवटी थांबायचं असतं. या, बाकावर बसा, वारज्यात एवढी सावली दुसरीकडे मिळायची नाही. आणि मोठ्यानं बोललात तरी चालेल. ही मोठ्या आवाजानं उठत नाही. कुजबुजलात तर उठेल.

नात. रेवा. दीड वर्षाची आहे — मे महिन्यात बाजरी कोण खातं, असं मनात आलं ना तुमच्या? कुणी खात नाही. आमच्याकडेही खात नाहीत. पण गहू आणले की नंबर लवकर लागतो, नंबर लागला की दळण होतं, दळण झालं की घरी जावं लागतं आणि घरी गेलं की ही जागी. म्हणून बाजरी. पुण्यात स्वतःचा नंबर खुशीनं सोडणारा माणूस तुम्ही आज पहिल्यांदा पाहत असाल. नीट पाहून घ्या.

आधी असं नव्हतं. दुपारी वरण-भात खाल्ला की झोपायची ती चहाच्या वेळेला उठायची. आणि एक दिवस एकदम बंद. पाळण्यात टक्क जागी. थोपटलं — जागी. मी अंगाई म्हटली, तर उठून बसली आणि टाळ्या वाजवल्या. माझी सून, सलोनी, कंपनीत आहे, तुमच्यासारखाच ओळखपत्राचा पट्टा असतो गळ्यात — तिनं इंटरनेटवर शोधलं. या वयात होतं म्हणे असं, त्याला इंग्रजीत नाव आहे. नाव सापडल्यावर सलोनी निवांत झोपली. रेवा नाही झोपली. मग एकदा भाजणी दळायला हिला कडेवर घेऊन इथे आलो, गिरणीचा पट्टा फिरायला लागला आणि हिची मान धपकन माझ्या खांद्यावर. मी डॉक्टरकडेच निघालो होतो. दत्तोबा म्हणाले, काका, झोपलीय ती.

तेव्हापासून रोज. मुलानं, आमोदनं, गिरणीचा आवाज मोबाइलवर भरून नेला, घरी हिच्या उशाशी लावला. हिनं मोबाइल उचलला आणि हॅलो म्हणाली. आवाजाला पिठाचा वास नको का? घरात आता जागा नाही. तांदळाचं पीठ, नाचणीचं, ज्वारीचं — कॉम्प्युटर ज्या खोक्यातून आला त्या खोक्यात बेसन आहे. रोज रात्री धिरडी. आमोद परवा म्हणाला, बाबा, एखाद्या दिवशी ब्रेड खाऊ या का. मग मी सोसायटीतल्या लोकांची दळणं आणायला लागलो. दाराची बेल वाजवून विचारतो, काही दळायचंय का. लोकांना वाटतं, काका समाजकार्य करतात. चेअरमन माझा सत्कार करणार आहेत. करू देत.

आवाजाची सवय कशी लागली म्हणता? घरी घरघंटी होती ना. हेमाची, माझ्या बायकोची. ती दुपारी दळायला बसायची, ही शेजारी गोधडीवर. मी आतल्या खोलीत पडलेला. घरघरीचा त्रास होत नाही का, असं लोक विचारायचे. मला काय माहीत, मला झोप लागलेली असायची. हेमा गेली फाल्गुनात. मग ती घरघंटी आमोदनं देऊन टाकली — वापरणार कोण, असं म्हणाला, बरोबरच आहे — त्या कोपऱ्यात कॉम्प्युटरचं टेबल आलं. आणि हिची झोप गेली. दोघांची, म्हणजे — हिची.

सोमवारपासून पाळणाघर. ठरलंय. बाबा, तुम्हाला उन्हात धावपळ नको, असं सलोनी म्हणाली. चांगली मुलगी आहे, माझ्याच काळजीनं म्हणाली. मी म्हटलं, अगं, ती तिथे झोपणार कशी, गिरणी कुठे आहे तिथे? तर काल जरा वेळ ठेवून पाहिली. झोपली. हो — गिरणीबिरणी काही नाही, झोपली. त्या बाई म्हणाल्या, आजोबा, फार गुणी आहे हो नात तुमची. आता नवीन जागा, दमली असेल. एका दिवसावरून काय ठरतं?

नाही, दत्तोबांना नका विचारू. ते परवाचं सांगतील. परवा काही विशेष झालं नाही. मी जरा भिंतीला टेकलो होतो, दत्तोबांनी हलवून उठवलं — ही पिठात बसलेली, पांढरी शुभ्र, टक्क जागी, आणि बाजरी केव्हाच दळून झालेली. घोरत होतात काका, म्हणाले. छे. मी रात्रीसुद्धा घोरत नाही. रात्री झोपावं लागतं त्यासाठी.

हे बघा, तुमचे गहू झाले. आता थांबेल पट्टा. हिच्या पापण्यांकडे बघा, थांबला की लगेच —

थांबला.

थांबा जरा. बोलू नका.

झोपलीये.

असेल. गाढ लागली असेल आज. काय दत्तोबा? — बाजरी घालायची की राहू द्यायची, असं विचारतायत. ही झोपलीच आहे तर.

घाला, दत्तोबा. सावकाश होऊ द्या.

निघा तुम्ही आता. पीठ गरम आहे, घरी गेल्यावर डब्याचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर आतून घाम सुटतो — हेमा ठेवायची. आणि जाताना हिला जरा त्या गोणीवर ठेवता का, हळूच. माझा हात अवघडलाय. मी टेकतो.