दाढेची टोपी अन् कडक भाकर

हसू नका, पण दाताच्या डॉक्टरला मी बैलबाजाराची रीत शिकवून आलो.

माझी दाढ किडल्ती. अंबडच्या डॉक्टरनं ती चारी बाजूनं घासली, माप घेतलं अन् कच्ची टोपी बसवली. म्हणला, "आजोबा, पक्की येईपर्यंत कडक खायचं नाही." मंग काय, म्हातारी रोज दुधात भाकर कुस्करून द्यायची. लेकराचं खाणं ते! जीव विटून गेल्ता.

एकदाची पक्की टोपी आली. डॉक्टरनं ती दाढेवर ठेवली, दातात निळा कागद धरला अन् म्हणला, "चावा. बराबर वाटतंय?"

म्या म्हणलं, "कागद मी खात न्हाई. बैल घेताना आम्ही नुसते दात बघत न्हाई, औताला जुंपून बघतो." अन् पिशवीतून कालची ज्वारीची भाकर काढली.

संगं आलेल्या म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अवो, लाज धरा जरा!"

डॉक्टर म्हणला, "बघा जुंपून. पण टोपी चिकटवतो, तासभर वाळू द्या."

तासभर बाकड्यावर भाकर धरून बसलो. मंग डॉक्टरसमोरच कडेचा तुकडा चावला. कडकन् आवाज झाला अन् डॉक्टरचं तोंडच उतरलं. पण मोडली ती भाकर. टोपी जागच्या जागी!

डॉक्टर खूश. म्हणला, "आजोबा, मलाही द्या तुकडा. माझ्याही दाढेला टोपी आहे."

"कोणी बसवली?"

"दुसऱ्या डॉक्टरनं."

"मंग तू मधला मऊ घे बाबा."