नावापुढची ओळ

तनिषा : पाचला प्रोग्रॅम प्रिंटला जातो, बाबा. वाचते हं. ‘अंशुमन पेंडसे, लेस्टर. पन्नास वर्षं मॅन्डोलिन.’

अंशुमन : एकोणपन्नास. मॅन्डोलिन तुझ्या आजोबांचं, पुण्याच्या ऑर्केस्ट्रातलं. सोळाव्या वर्षी ते घेऊन मी पबातल्या फोक क्लबला गेलो.

तनिषा : आणि ब्लूग्रास?

अंशुमन : तिथंच कुणीतरी कॅसेट दिली. अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं संगीत. त्यात ड्रम नसतो, तारांवर टक-टक करत ताल मॅन्डोलिनवाला धरतो. मागेपुढे करून करून कॅसेट झिजली, मग आम्ही पाच जणांनी बँड काढला.

तनिषा : मग कंट्री. ती हॅटवाली फोटो टाकू?

अंशुमन : नको. हाउन्सलोच्या सोशल क्लबात बारा वर्षं ती हॅट घातली. मॅनेजर म्हणायचा, काऊबॉय आणि इंडियन एकाच पगारात.

तनिषा : शी. तुम्ही काय म्हणायचे?

अंशुमन : हसायचो. पुढं रॉक लिही. एकोणीस वर्षं, चार अल्बम. पहिल्याच रिहर्सलला ड्रमर म्हणाला, ती टक-टक बंद कर, ते माझं काम आहे. केली बंद.

तनिषा : हे तुम्ही कधी सांगितला नाही.

अंशुमन : त्यात सांगण्यासारखं काय?

तनिषा : ओके, लास्ट लाइन. ‘शनिवारी ते आपल्या पहिल्या बँडबरोबर वाजवतील.’

अंशुमन : ‘वाजवतील’ काढ.

तनिषा : का?

अंशुमन : डाव्या हाताची दोन बोटं. मार्चपासून त्यांना काही जाणवत नाही. कुठल्या तारेवर आहेत, ते बघावं लागतं.

तनिषा : मार्च? बाबा, जुलै चाललाय.

अंशुमन : मानेतली नस आहे. सुधारणार नाही, डॉक्टर म्हणाले. चहा टाकू?

तनिषा : चहा नको. आईला माहीत आहे?

अंशुमन : तिला वाटतं, मी रियाजाचा आळस करतोय.

तनिषा : आणि बँडला?

अंशुमन : नाही. एका माईकसमोर सगळे उभे राहतात. ज्याचा सोलो, तो पुढं सरकतो. मी पुढं सरकणार आणि बोटांकडं बघत राहणार.

तनिषा : वाईट वाटतं?

अंशुमन : काहीच वाटत नाही. तू लिही, वीस मिनिटं राहिलीत.

तनिषा : ती टक-टक. त्याला ही बोटं लागतात?

अंशुमन : तारांवर नुसती टेकवायची. दाबून धरायचं नाही. काम सगळं उजव्या हाताचं.

तनिषा : दाखवा ना.

(अंशुमन मॅन्डोलिन घेतो. बराच वेळ नुसता ठोका.)

तनिषा : तुम्ही बोटांकडे बघत नव्हते.

अंशुमन : यात बघायचं काय?

तनिषा : सोलो बँडमधली फिडलवाली घेईल. ड्रमर आहे त्यांच्याकडे?

अंशुमन : नाही. अजूनही नाही.

तनिषा : मग ‘वाजवतील’ ठेवते.

अंशुमन : थांब जरा. आईला हाक मार. तिला आधी सांगतो.