न सांगता ओढलेली वायर

समुद्रपूरहून वर्ध्याला जाणाऱ्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. आवाज दबका होता, पण माझे कान मोकळेच होते.

"कम्प्युटरची वायर मी मिक्सर लावाले काढली, आचल. तुह्या डब्यात चटणी नोको का?"

"आई, कम्प्युटरवर मेल उतरून राह्यले होते! इंटरव्ह्यूचा पत्ता आज सकाळीच येणार होता."

"मंग फोनवर पाह्य."

"काय पाहू? माहा प्रोग्राम सर्व्हरवरचे मेल उतरवून घेते अन् तिकडचे पुसून टाकते."

"अव माय! असं पुसाले काऊन शिकवलं त्याले?"

"जागा भरते तिथली. आता वर्ध्यात उतरून जायचं कुठं?"

"रडू नको. लोक पाहून राह्यले."

"थांब आई. सर्व्हर लगेच नाई पुसत. प्रोग्राम शेवटी त्याले 'येतो' म्हणते, मंगच तो पुसते."

"म्हटलं का मंग यानं?"

"कधी म्हणन? तू मधातच वायर ओढली."

"तं पाह्य ना फोन!"

"रेंज नाई."

वर्ध्याच्या वेशीवरचं सिंदी मेघे आलं. मग मागे फोन वाजला.

"आई, आहे! सगळे मेल आहेत. पत्ताबी आहे."

"बाई बाई!"

"तू वायर ओढली म्हणून वाचलो."

"अन् तूबी आज घरून देवाले 'येतो' न म्हणताच पुढं निघाली."

"घाईत राहून गेलं, आई."

"मले समजलं होतं. म्हणून मीबी तुह्या सर्व्हरवानी घर न झाडता-पुसताच आली."