दुबईत फोटो कोठी काढा, ते मले इचारा

माहं माहेर मानोऱ्याच्या बाजूचं, सासर शेलूबाजारचं, आन् मधातले अकरा वर्षं दुबईचे. आता तुमी हसाल का ही लुगड्यातली बुढी दुबईचं काय सांगते, पन काय सांगू तुमाले, त्या शहराच्या कोन्त्या भितीवर कोन्त्या टायमाले ऊन येते, हे मले माह्या घरच्या ओट्याइतकं पाठ हाय. शाळेत मी दुसरीलोकच गेली, मंग लहान बयीन झाली, कमल, तिले सांभाळाले घरी बसवलं. वाचाले मी मोठेपनी शिकली, फाट्यावर एसटीची वाट पाहून पाहून, वाशिम, कारंजा, मंगरूळ, एकेक पाटी जोडत जोडत. मालक लवकर गेले माहे, मंग मी लग्नाच्या पंगतीचा सयपाक कराले लागली. माही बुंदी खाल्लेले लोक अजून रस्त्यात थांबवतात, म्हनतात सुमनबाई, तशी बुंदी पुना नाही पायली.

तं वाशिमच्या एका बाईची लेक दुबईले होती, तिचं बाळंतपन आलं, माय आजारी, मंग त्याइनं मले इचारलं, येता का तीन महिन्यासाठी. मी म्हनलं येतो. तीन महिन्यासाठी गेली आन् अकरा वर्षं राह्यली, कावून का त्या लेकराले माह्याबिगर झोपच नाही ये. परी नाव तिचं. आन् तिच्या मायचा एकच हट्ट, मावशी, रोज एक फोटो काढा, आजीले वाशिमले पाठवाचा हाय. मोबाईल देल्ला हातात. मले काय येते त्याच्यातलं? पन लेकराकडं पाहून शिकली मी. लेकरू डोये बारीक करते म्हंजे ऊन समोरून हाय, वळवा त्याले. लेकराची टोपी उडाली म्हंजे हे गल्ली वाऱ्याची हाय, अथी थांबाचं नाही. असं करत करत सारी दुबई त्या लेकराले कडेवर घेऊन फिरली, आन् कोन्त्या जागी फोटो हसते आन् कोन्त्या जागी रडते ते समजत गेलं.

वापस आली तव्हा वाटलं झालं, आता आपला ओटा आन् आपला चहा. पन नाही. आजकालच्या पोट्ट्याइचं नवीन निंघालं, लग्नाच्या आधी दोस्ताइले घेऊन दुबईले जाचं, बॅचलर म्हनतात त्याले. मी म्हनलं म्हंजे केळवन. तं पोट्टे म्हने नाही मावशी, केळवन नाही. मी म्हनलं काऊन नाही बाप्पा, नवरदेवाले लग्नाआधी कोनीतरी लाडानं जेवू घालते, फिरवते, तेच तं हे, फक्त तुमाले वाढाले बाया नाही पाह्यजे आन् रांगोईच्या जागी वाळू पाह्यजे. आमच्या रोडवरचा एक जन गेला, माह्यापासून जागा इचारून गेला, त्याचे फोटो साऱ्या तालुक्यात फिरले, आन् तव्हापासून रिसोडहून फोन, कारंज्याहून फोन, एक तं यवतमाळहून, मावशी, फोटोले कोन्ती जागा चांगली.

मी सांगतो बरं. लपवून ठेवत नाही. तो जो सगळ्यात उंच मनोरा हाय, त्याच्या पायाशी उभे राहू नका, त्याच्या खालच्या पायऱ्याच येतात फोटोत आन् तुमी मुंगीवानी दिसता. समोरच्या तळ्याच्या पल्याड जा, लहान पूल हाय, तथून घ्या, पुरा येते. जुन्या खाडीवर लाकडाच्या होड्या चालतात, त्याच्यात सांजच्यान बसा आन् सूर्याकडं तोंड करून बसा, पाठ करून नाही. जुना मोहल्ला हाय, मातीच्या रंगाच्या भिती, घरावर वारा आत घ्याचे चौकोनी मनोरे, तथी पांढरा कुर्ता घाला, राजावानी दिसता. मसाल्याचा बजार हाय, हळद-मिरचीचे पोते उघडे, तथी सकाऊन जा. आन् वाळवंटात पिवळा शर्ट घालू नका, वाळूत मानूस हरपते, निळा घाला. आन् दुसऱ्याच्या बायाइचा फोटो काढू नका, हे तं मी पह्यलेच बजावून सांगतो, तथी ते चालत नाही आन् अथी बी चालाले नाही पाह्यजे.

आता खरी गोष्ट सांगतो. माही बयीन कमल, तिचा पोरगा अमोल. शेलूबाजारले रोडवर तुषार सिंचनाच्या पाइपाचं दुकान हाय त्याचं. पोरगा गुनाचा, पन एकतीसचा झाला आन् पोरगी भेटे ना. आता तुमाले काय सांगू, आमच्या इकडं पोराइचं लग्न जुळनं म्हंजे किती कठीन झालं. मंग मीच पुढं झाली. शिरपूरले एका घरी मी पंगतीचा सयपाक केल्ता, त्याइची पोरगी पल्लवी, लॅबमंधी रक्त तपासते, हुशार, सरळ बोलनारी. मी तिच्या बापाले म्हनलं, भाऊ, पोरगा माह्या पाहन्यातला हाय, माह्या हातावर मोठा झाला, त्याच्यात काही खोट निंघाली तं मले धरजा. बापानं पोराकडं पायलंच नाही म्हना ना, माह्याकडं पायलं आन् हो म्हनलं. कुंकू झालं. सात महिन्यानंतरची तारीख धरली. माह्या शब्दावर पोरगी देल्ली त्याइनं, हे ध्यानात ठेवा.

लग्नाले पंधरा दिवस असतानी अमोल आन् त्याचे चार दोस्त दुबईले निंघाले. माह्या ओट्यावर येऊन बसले, पवन म्हनून एक हाय, लय तोंडाळ, तो म्हने मावशी, सांगा आता, फोटो असे पाह्यजे का साऱ्या वाशिमच्या पोट्ट्याइच्या पोटात दुखलं पाह्यजे. मी सांगाले लागली. वाळूच्या टेकडीवर जा. अमोल म्हने टेकडी नको. कावून रे? वाळू जाते डोयात. बरं, होडीत बसा. होडी नको, मयमय करते. बरं, त्या मनोऱ्यावर उघडी गच्ची हाय, तथून सारं शहर दिसते. गच्ची नको. मंग काय पाह्यजे रे बापू? तं म्हने मावशी, काचंच्या आतल्या जागा सांगा, ते मोठे मॉल, ते मासोयाइचं मोठं टाकं. पवन हसे, म्हने नवरदेव भेकड हाय मावशी, लग्नात बी घोड्यावर नाही बसनार, टेम्पोत येईन. आमी सारे हसलो. मी बी हसली. मी म्हनलं उंचीले भेत असन लेकरू. हे माही चूक. ज्या बाईनं अकरा वर्षं वारा पायला तिले अथीच समजाले पाह्यजे होतं.

गेले. दुसऱ्या दिवशी पवननं फोटो पाठवले. मासोयाइच्या टाक्यासमोर पाची जन, मस्त. मॉलमंधी पाची जन, मस्त. होडीतला फोटो, तं चारच. मी फोन केला, अरे नवरदेव कोठी हाय? पवन म्हने तोच तं फोटो काढून राह्यला काठावरून, म्हनते तुमी बसा, मी काढतो. मंग एक फोटो आला जुन्या मोहल्ल्यातला. पांढरा कुर्ता घातलेला, भितीले टेकून उभा, सारं मी सांगतल्यावानी, पन हात डोक्यावर. म्हनलं असन इस्टाईल. दुसरा फोटो, हात डोक्यावर. तिसऱ्या फोटोत तं त्या उन्हात लोकरीची टोपी घालून उभा! मी चश्मा लावला, फोटो मोठा केला, आन् गल्ली ओळखली. खाडीवरचा वारा सरळ आत घुसते ते गल्ली. परीची टोपी म्या तथी धा खेप पळून पळून पकडली. टेकडी नको, होडी नको, गच्ची नको. जथी वारा तथी नको. माह्या हातातला चहा तसाच राह्यला.

पोट्ट्याइसमोर नाही इचारलं मी. त्याले म्हनलं रूममंधी जाय एकटा, आन् मले तोंड दाखवून फोन लाव. लावला. म्हनलं अमोल, डोक्यावर काय हाय ते? त्यानं टोपी अजून खाली ओढली. म्हनलं मी तुही माय नाही, मावशी हाय, मारनार नाही, सांग. तं म्हने मावशी, तीन वर्षं झाले, तुमी दुबईले होत्या तव्हाच सारे केस गेले, पोरीवाल्याइले दाखवाचा फोटो काढाले गेल्तो तं वाशिमच्या फोटोवाल्यानंच विगवाल्याचा पत्ता देल्ता, मंग विग लावून घेतला. मायले माहीत हाय. पल्लवीले नाही.

मायले माहीत हाय! मी तशीच उठली आन् कमलच्या घरी गेली. म्हनलं कमल, मले कावून नाही सांगतलं? ते पोया लाटत होती, मान वर नाही केली तिनं, म्हने आक्का, लग्न झाल्यावर सांगनारच होतो, टकल्याले कोन देते पोरगी? तुले सांगतलं असतं तं तू शिरपूरले जाऊन सांगून आली असती. मी म्हनलं हाव, आली असती. ते म्हने म्हनूनच नाही सांगतलं. खरंच तं बोलली ते.

पन मले रात्रभर ते पल्लवीच्या बापाचं तोंड दिसे. केसाचं काय हाय हो, माह्या मालकाले बी चंद्र होता डोक्यावर, मी कवा मोजले का त्याचे केस? पन मी शब्द देल्ता. सकाऊन अमोलले फोन केला, म्हनलं आज तुमचं वाळवंटात जाचं हाय ना, तं जाय. टेकडीवर चढ. ते काढ डोक्यावरचं, पवनले फोटो काढाले लाव, आन् पल्लवीले पाठव. तुह्या हातानं. तो रडाले लागला, म्हने मावशी, लग्न मोडन. मी म्हनलं मोडलं तं मोडन, मी पुना जुळवीन, जुळवता येते मले. पन खोट्यावर सयपाक नाही चढवत मी.

आन् मी घरी नाही बसली. जीप धरली, शेलूबाजारून मालेगाव, मालेगावून शिरपूर. पोचली तं पल्लवीची माय म्हने अवो, एकदम कशा आल्या, बसा बसा. चहा झाला, कपड्याच्या गोष्टी झाल्या, रुखवंतात काय काय ठेवाचं ते झालं. मी हूं हूं करून राह्यली आन् डोया पल्लवीच्या मोबाईलवर. मी आधी नाही सांगतलं, कावून का सांगाचं त्याचं होतं. पाच वाजले, साहा वाजले. म्हनलं नाही पाठवत हा, आता मलेच तोंड उघडा लागते. आन् वाजला मोबाईल.

पल्लवीनं पायलं. बोटानं मोठा करून पायला. मंग मोबाईल माह्यासमोर धरला, म्हने मावशी, हे कोन हाय? काय फोटो होता सांगू तुमाले! मांगं सारी सोन्यावानी वाळू, निळा शर्ट, आन् तोंड उन्हानं तांबडं झालेलं, आन् वरतं डोस्कं पांढरं फट, जशी अर्धी भित रंगवाची राह्यली. मी म्हनलं माय, हा अमोल हाय. तिनं इचारलं, तुमाले माहीत होतं? मी म्हनलं कालपासून. त्याच्या आधी नाही. तिचा बाप उठून उभा राह्यला, म्हने सुमनबाई, तुमी म्हनलं होतं मले धरजा. मी म्हनलं धरा भाऊ, म्हनूनच आली मी, अथी बसली हाय.

पोरगी बापाले म्हने बाबा, थांबा जरा. तिनं फोन लावला, आमच्यासमोरच, आवाज मोठा करून. म्हने सात महिने मी तुमाले रोज इचारलं, जेवले का, दुकान कसं चाललं, आन् तुमी एवढी गोष्ट नाही सांगतली. केसाचं मले काही नाही. अजून काय काय लपवलं ते सांगा, एकाच खेपीत सांगा. तिकडून वाऱ्याचा आवाज, घूं घूं, आन् मधात अमोल, म्हने दहावीत गनितात नापास झाल्तो. अजून? म्हने तुमी पाठवलेले कारल्याचे चिप्स पवनले देल्ले. अजून? म्हने नाही, बाकी काही नाही, आईची आन. पल्लवीनं फोन ठेवला आन् म्हनलं उद्या सांगतो.

मी तथीच मुक्काम केला. झोप कोनाले? सकाऊन पल्लवी अंघोळ करून आली, केस पुसत पुसत म्हने मावशी, त्याइले सांगा, मांडवात तसंच याचं, जसे फोटोत होते. फेटा नंतर. पह्यले साऱ्या पाहुन्याइनं पाहावं, मंग मांगून कोनी माह्या कानात येऊन सांगाचं राह्यलं नाही पाह्यजे. बाप म्हने लोक काय म्हनतील. तं म्हने लोक पंगतीत बसतील बाबा, आन् जेवतील. मी म्हनलं बुंदी माही.

झालं लग्न. घोड्यावर बसूनच आला, उघडं डोस्कं, पवन पुढं नाचे. चार लोक हसले असतील, मले तं दिसले नाही, मी कढईपाशी होती. आता दोघंबी दुकानाच्या मांगच्या घरात राह्यतात, भांडतात बी, ते भांडन माह्यालोक येते, मी म्हनतो तुमचं तुमी पाहा. कमल माह्यासंग अजून नीट बोलत नाही. चहा देते, पन कप खाली ठेवून देते, हातात नाही देत. बोलन. मले घाई नाही.

फोन तं चालूच हाय. परवाच मेहकरहून आला, मावशी, आमच्या दोस्ताचं बॅचलर हाय, जागा सांगा. मी सांगीन ना, सारं सांगीन, टेकडी कोन्ती, होडी कोन्ती, ऊन कवाचं. पन आता माहा एक कायदा हाय. दोस्ताच्या फोनवर जागा भेटत नाही. नवरदेवानं स्वतः बोलाचं, आन् पह्यले माह्या एका गोष्टीचं उत्तर द्याचं, का बापू, पोरीले सारं सांगून निंघाला ना? काही जन फोन ठेवून देतात. ठेवू द्या. काही जन थोडे थांबतात आन् म्हनतात मावशी, दोन दिवसानं लावतो. ते पोट्टे मले लय आवडतात. दोन दिवसानं लावला का मी त्याइले सगळ्यात चांगली जागा सांगतो, आन् म्हनतो जाय लेका, वाऱ्यात उभा राह्य, सुखाचा संसार कर.