दिवा कुणी चालू ठेवला?

…हॉलवर कार्यक्रमाला बोलावते आणि वर म्हणते, "बाबा, मोकळेपणाने सांगा हं, कसा वाटला." आता काय सांगायचं मोकळेपणाने? जन्मभर राज्यशास्त्र शिकवलं मी, हुकूमशाहीवर प्रबंध लिहिला, पण लेकीच्या हार्ड रॉक अल्बममधला हुकूमशहा मीच की दुसरा कुणी, हे मला कळेना हो.

म्हणजे असं, तुम्हाला सांगतो, अल्बमभर एकच गोष्ट. एक देश, त्याचा एक हुकूमशहा, आणि तो लोकांचे दिवे बंद करत सुटलाय. पहिल्याच गाण्यात गिटार अशी कडाडली की माझी कवळी हलली. म्हटलं, चला, हे हार्ड रॉक. तोवर जाझ. जाझची सवय होतेय तोवर अंगाई, अंगाईत घुसला लष्करी बँड, आणि बँडच्या खांद्यावर बसून कुणीतरी ऑपेरा गातंय… शेजारी ड्रमवाल्याची आई होती. तिला विचारलं, "हे एकच गाणं आहे का?" ती म्हणाली, "काय? मी कानात कापूस घालून आलेय."

आणि मग तो हुकूमशहा गरजतो, "दिवा कुणी चालू ठेवला?" अहो, हे वाक्य माझं! न्हाणीघरापासून माळ्यापर्यंत मी हेच म्हणत फिरायचो. सूरही माझाच, शेवटी चिरकणारा. हॉलभर तरुण मंडळी मुठी उगारून ओरडताहेत, आणि मी भिंतीला टेकून विचार करतोय, तो मी की नाही?

पलीकडे बायको होती, तिच्या कानाला लागलो. "अगं, तो मी आहे का?"

"सगळं तुमच्याबद्दलच असतं का? राजकीय आहे ते." मग लगेच, "चिरकतो मात्र तुमच्यासारखाच."

लेकीला विचारायची हिंमत नाही. नोकरी सोडून गाणार म्हणाली तेव्हा मी तिला स्वातंत्र्य आणि जबाबदारी यावर व्याख्यान दिलं, तेव्हापासून फोनवर ती एरवी फक्त माझा रक्तदाब विचारते. आणि चुकून म्हणालीच, हो, तुम्हीच… तर?

शेवटचं गाणं. सगळे गप्प, लेक एकटी हळू आवाजात गातेय. आणि मला दारातून दिसलं, बाहेर पॅसेजमधला दिवा उगाच जळतोय. तिथे चिटपाखरू नाही. स्वतःला बजावलं, आज नाही, काहीही झालं तरी आज नाही. पण पाय कुठे ऐकतात? गेलो चोरपावलांनी. बाहेर भलामोठा बोर्ड, बटणंच बटणं, कशावर काही लिहिलेलं नाही. अंदाजाने एक दाबलं…

पॅसेजचा दिवा तसाच. आत मात्र सगळं गुडूप. दिवे, स्पीकर, लेकीचा आवाज, सगळं. आत शुकशुकाट… आणि मग असा टाळ्यांचा कडकडाट, की काही विचारू नका. ड्रमवाल्याची आई कापूस काढून मुसमुसत होती, "काय शेवट केलाय गं पोरांनी…"

लेक धावत बाहेर आली. बोर्ड, मी, माझं बोट अजून बटणावर. बघतच राहिली. मग जी हसत सुटली, लहानपणी हसायची तशी, की भिंत धरून खालीच बसली. म्हणाली, "बाबा, हाच शेवट ठेवायचा. शनिवारी याल ना?"

तर आता दर शनिवारी मी त्या हॉलवर. मंडळी खुर्ची देतात, चहा देतात, पत्रकात छापतात, 'दिवे: बाबा'. लेक खूण करते, मी बटण दाबतो, देश अंधारात जातो. तो मी की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. आता कुठल्या तोंडाने विचारणार?

आणि तुम्हाला सांगतो, तो पॅसेजमधला दिवा अजून जळतोय. त्याचं बटण कुठलं, कुणालाच माहीत नाही.